कुणालाच नको असलेली जमीन

युटा राज्यात इंटरस्टेट ७० हा महामार्ग ग्रीन रिव्हर गाव सोडून पश्चिमेला निघाला, की सलिना येईपर्यंत शंभराहून अधिक मैल पेट्रोलपंप नाही, मोटेल नाही, कॉफीचं दुकान नाही. अमेरिकेच्या साऱ्या इंटरस्टेट जाळ्यात एवढा लांब सुनसान पट्टा दुसरा नाही. पुढे सोयी नाहीत अशी पाटीच गावाबाहेर लावलेली आहे. सकाळी उशिरा डेन्व्हर सोडून लास व्हेगासकडे निघालेल्या माणसाला नेमकी इथेच संध्याकाळ गाठते. मग मागे वळून ग्रीन रिव्हरला खोली शोधायची, की पेंगुळलेल्या डोळ्यांनी सलिनापर्यंत गाडी रेटायची? तिसरीही एक वाट आहे. १३१ क्रमांकाच्या एक्झिटला उतरायचं, सॅन राफेल स्वेलच्या कच्च्या रस्त्याला लागायचं, थोडा वेळ धूळ उडवत आत जायचं आणि आधीच्या प्रवाशांच्या चाकांनी टणक झालेली एखादी सपाट जागा बघून तंबू ठोकायचा. परवानगी नाही, पावती नाही, पैसे नाहीत. नळ, संडास आणि दिवाही अर्थात नाही. सर्वसाधारण नियमानुसार अशा जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं. त्यानंतर तंबू उचलून पंचवीस-तीस मैल दूर जायचं, एवढीच अट.

सरकारी भाषेत याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात, मोटरहोमवाले ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. ही सोय कुठून आली, असं विचारलं तर बहुतेक जण निसर्गप्रेमाचं उत्तर देतात. राष्ट्रीय उद्यानांपुरतं ते खरंही आहे. पण राष्ट्रीय उद्यानात असा वाटेल तिथे फुकट तंबू ठोकता येत नाही. तिथे आखलेली जागा, शुल्क आणि उन्हाळ्यात तर कित्येक महिने आधीचं आरक्षण. फुकटचा मुक्काम मिळतो तो उद्यानाच्या हद्दीबाहेर, जिच्याकडे पर्यटक ढुंकूनही पाहत नाहीत अशा जमिनीवर. ती सरकारकडे राहिली, कारण सरकारला ती कुणाच्या गळ्यात मारता आली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या अमेरिकी सरकारकडे पैसा नव्हता, जमीन मात्र अफाट येत गेली. ती रिकामी नव्हती. तहांनी, लढायांनी आणि केलेले तह मोडून ती मूळच्या जमातींकडून घेतलेली होती. युटा हे नावच तिथल्या यूट लोकांवरून पडलं. १७८५च्या कायद्याने तिची मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन. प्रत्येकात एक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे. एका तुकड्यात ६४० एकर. डोंगर असो की दरी, चौकोन चौकोनच. विमानातून आजही मध्य अमेरिकेची शेतं वहीच्या पानासारखी आखलेली दिसतात ती यामुळे. १८६२मध्ये होमस्टेड कायदा आला: किरकोळ नोंदणी शुल्क भरा, पाच वर्षं राहून जमीन कसा, १६० एकर तुमचे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाचा दहावा हिस्सा, असा वाटला गेला.

आयोवा आणि पूर्व कॅन्ससमध्ये हे गणित जमलं. शंभरावा रेखांश ओलांडला की ते फसलं. त्याच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस इंचही पाऊस पडत नाही. वीस इंच म्हणजे आपल्या माण-आटपाडीचा पाऊस. ग्रीन रिव्हरला तर सहा-सात इंचांवर भागवावं लागतं. तिथे १६० एकरांत एक कुटुंब कसं जगणार? जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात उजवा हात गमावलेला माजी सैनिक १८६९मध्ये होड्यांनी कोलोरॅडो नदी उतरून आला होता. १८७८च्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं, की या कोरड्या मुलखात पाणी बघून जमीन वाटा, चौकोन बघून नव्हे. वॉशिंग्टनने ते ऐकलं नाही. उलट जमीन खपत नाही म्हणून मापं वाढवली. १९०९मध्ये ३२० एकर, १९१६मध्ये गुरं पाळणाऱ्यांना ६४०. तरीही गिऱ्हाईक मिळेना. नदीकाठचे, झऱ्याकाठचे तुकडे लोकांनी उचलले आणि मधली खडकाळ, खारट, झुडपांची जमीन तशीच पडून राहिली.

या कहाणीतला माझा सर्वात आवडता प्रसंग १९२९चा. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पश्चिमेतल्या राज्यांना ही उरलेली जमीन चक्क देऊ केली. राज्यांनी हिशेब मांडला: जमिनीखालची खनिजं केंद्राकडेच राहणार, वर उरणार ती गुरांनी चरून ओरबाडलेली माती, आणि तिच्या देखभालीचा खर्च आपल्या डोक्यावर. फुकट मिळत असलेली जमीन त्यांनी नाकारली.

१९३४च्या मे महिन्यात मैदानी प्रदेशातली धूळ उडून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचली आणि त्याच जूनमध्ये टेलर ग्रेझिंग कायद्यावर सही झाली. वाटेल तितकी गुरं वाटेल तिथे सोडण्याचे दिवस संपले; परवाने, हद्दी, चराई शुल्क सुरू झालं. १९४६मध्ये जुनं जमीन कार्यालय आणि या कायद्यासाठी उभारलेलं चराई खातं एकत्र करून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, उभं राहिलं. १९७६च्या कायद्याने तर होमस्टेडचं दारच लावलं (अलास्कासाठी दहा वर्षांची मुदत ठेवून) आणि ही जमीन सर्वसाधारणपणे केंद्राकडेच राहील असं जाहीर केलं. आज बीएलएमकडे साडेचोवीस कोटी एकर आहेत. तीन महाराष्ट्र बसवून वर जागा उरेल. वनखात्याकडे आणखी एकोणीस कोटींवर एकर आहेत, पण त्यांचा इतिहास वेगळा. ती जंगलं १८९१पासून लाकूड आणि पाणी राखण्यासाठी मुद्दाम बाजूला काढली गेली.

थोडक्यात, तंबू ठोकणारा ज्या जमिनीवर झोपतो ती मुळात देशाच्या आकाराचं गायरान आहे. तिथला पहिला मान गुरांचा. एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारण्याचं शुल्क २०१९ ते २०२५ अशी सलग सात वर्षं १.३५ डॉलर होतं. कच्च्या रस्त्यावर आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या दिसतात. त्यावरून गाडी खडखडत जाते, गाय मात्र पाय ठेवत नाही. दार लागलं तर उघडायचं आणि गेल्यावर पुन्हा लावायचं. उघडं होतं तर उघडंच ठेवायचं. नेव्हाडात खुल्या कुरणाच्या टापूत रात्री गाय गाडीखाली आली, तर गायमालकाला जबाबदार धरता येत नाही. चूक गाडीवाल्याची मानली जाते.

आता नकाशाकडे. जमीन कुणाची, हे बघून कळत नाही. कुंपण असलं तरी ती सरकारी असू शकते आणि नसलं तरी खासगी. बीएलएमच्या नकाशांत रंग ठरलेले आहेत: पिवळा म्हणजे बीएलएम, हिरवा वनखातं, निळा राज्य, पांढरा खासगी. युटाचा असा नकाशा उघडला, की पिवळ्यावर निळे चौकोनी ठिपके ठराविक अंतराने पेरलेले दिसतात. युटा राज्य झालं तेव्हा छत्तीसपैकी चार तुकडे, क्रमांक २, १६, ३२ आणि ३६, शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला तोडून दिले, त्यांचे हे ठिपके. त्यांचे नियम निराळे असतात. ॲरिझोनात अशा राज्य-जमिनीवर राहायला आधी परवाना काढून पैसे भरावे लागतात. वायोमिंग आणि नेव्हाडात इंटरस्टेट ८०च्या दोन्ही अंगांना तर बुद्धिबळाचा पटच अंथरलेला दिसतो. १८६०च्या दशकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक तुकडे बक्षीस दिले होते आणि महामार्ग पुढे त्याच वाटेने गेला. तिथे दोनशे पावलं इकडची तिकडे झाली, की तुम्ही पाहुण्याचे घुसखोर होता.

टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातलं काही ओळखीचं वाटणार नाही. १८४५मध्ये टेक्सस संघराज्यात आलं ते आपल्या पडीक जमिनी स्वतःकडे ठेवून. त्यामुळे तिथे केंद्राची जमीन दोन टक्क्यांच्याही आत आणि कुंपणं मैलोन्‌मैल. नेव्हाडात तोच आकडा सुमारे ऐंशी टक्के. थँक्सगिव्हिंगला बे एरियातून ग्रँड कॅन्यनला निघालेल्या मंडळींना म्हणूनच वाटेत ही चैन परवडते, ह्यूस्टनहून निघालेल्यांना न्यू मेक्सिको लागेपर्यंत थांबावं लागतं.

महामार्गावरचा रेस्ट एरिया ही या फुकटच्या मुक्कामाची बहीण नव्हे. तो रस्त्याच्या हद्दीत येतो आणि डुलकीसाठी असतो. कॅलिफोर्नियात चोवीस तासांत आठ तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तंबूचं तर नावच नको. वॉलमार्टच्या आवारात मोटरहोम लावून झोपायची रीत आहे खरी, पण ती दुकानाच्या व्यवस्थापकाच्या आणि गावाच्या मर्जीवर चालते.

दक्षिण डकोटात इंटरस्टेट ९०वर वॉल नावाचं छोटं गाव आहे. तिथली जमीन नकोशी कशी होत गेली याचा दुसरा, जास्त करुण किस्सा आहे. इथे होमस्टेडवाले आले, त्यांनी गवत नांगरलं, चार-दोन बरी वर्षं पाहिली आणि १९३०च्या दशकातल्या दुष्काळात ते देशोधडीला लागले. मग सरकारने दिलेलीच जमीन पैसे मोजून परत घेतली. १९३७च्या कायद्याखाली अशा हजारो बुडालेल्या शेतांची खरेदी झाली, तिथे पुन्हा गवत लावलं गेलं, १९५४मध्ये ती वनखात्याकडे आली आणि १९६०मध्ये तिला राष्ट्रीय गवताळ प्रदेश असं नाव मिळालं. त्यातल्या बफेलो गॅपमध्ये, ११०च्या एक्झिटवर उतरून गावाच्या दक्षिणेला गेलं, की बॅडलँड्सच्या कड्याच्या अगदी काठाशी फुकट मुक्काम करता येतो. समोर जे दिसतं ते शेजारच्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या पैसे भरलेल्या लोकांना दिसतं तेच. वारा मात्र असा, की खुंट्या नीट नसतील तर तंबू सकाळी शोधावा लागेल. याच गावात टेड हस्टेड नावाच्या औषधविक्याने १९३१मध्ये दुकान घेतलं. धंदा चालेना. १९३६च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, डॉरथीला, सुचलं, की तापलेल्या प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट देऊ आणि तशा पाट्या रस्त्यावर लावू. तेव्हा बसलेला धंदा आजही जोरात आहे, आणि शेकडो मैल आधीपासून पाट्या दिसत राहतात. फुकटचं कसं विकावं हे त्या बाईला वनखात्यापेक्षा बरं कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

जागा प्रत्यक्ष शोधताना एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे: उजेड असताना पोचायचं. अंधारात कच्चा रस्ता आणि कोरडा ओढा यांतला फरक हेडलाइटमध्ये कळत नाही, आणि वाळवंटातला ओढा ही झोपायची सर्वात मऊ, सपाट आणि सर्वात वाईट जागा असते. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायला लागतच नाही. जुलै ते सप्टेंबरच्या दिवसांत वीसेक मैलांवर ढग फुटतो आणि चांदण्यात तुमच्याकडे लोंढा येतो. चिकणमातीचे रस्तेही तसेच दगाबाज. कोरडे असताना साधी सेडान नेता येते, सर आली की चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा साबणावरून घसरावी तशी घसरते. मग बाहेर पडायचा प्रयत्न करायचाच नाही. रस्ता सुकेपर्यंत बसून राहायचं. म्हणून माणशी दिवसाला गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर, पाणी आणि एका जादा दिवसाचं खाणं गाडीत हवं. ग्रीन रिव्हरलाच टाकी भरून घ्यावी. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा आणि कुठे थांबणार हे कुणाला तरी कळवायचं.

वनखात्याच्या हद्दीत गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते हे सांगणारा एक नकाशा मिळतो, तोही फुकट. तो काळापांढरा आणि कमालीचा कंटाळवाणा असतो, डोंगर-नद्यांचा धड पत्ता लागत नाही. पण रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके दिसले, की तिथे गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. किती फूट आत, हे प्रत्येक जंगल आपापलं ठरवतं. सुंदर नकाशे दुकानात विकत मिळतात. वाद झाला तर कायद्याने धरला जातो तो हा कुरूपच.

संडासाचा विषय टाळून चालत नाही. जंगलात सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून आणि मुक्कामापासून दोनशे फूट लांब, मग माती लोटून बुजवायचा. वाळवंटात मात्र कुजवायला ओल नाही. कागद तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून तिथे जेलची पूड भरलेल्या पिशव्या वापरायच्या आणि कचऱ्यात टाकायला बरोबर परत न्यायच्या. आपल्याकडच्या पाहुण्यांना हे ऐकून शहारे येतात, पण न नेणाऱ्यांनी काय करून ठेवलंय ते झुडपामागे गेल्यावर दिसतंच. तिथल्या मातीवर काळपट, खरबरीत साय धरलेली असते. ती शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची जिवंत खपली असते. वाऱ्याने माती उडू न देण्याचं काम तीच करते. एका बुटाचा ठसा भरून यायला दशकं लागतात. नवी जागा पाडायची नाही, आधीच मळलेल्या जागेवरच थांबायचं, हा नियम त्यापायी.

शेकोटीचा मोह सोडलेला बरा. कोरड्या महिन्यांत जिल्ह्या-जिल्ह्यांत बंदी लागू होते आणि ती आठवड्याला बदलते. कॅलिफोर्नियात केंद्राच्या जंगलात असं उघड्यावर राहताना साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही परवाना लागतो; तो फुकट मिळतो, पण जवळ हवा. थंडीचा अंदाज हमखास चुकतो. हे वाळवंट पाच-सहा हजार फुटांवर आहे, दुपारी शर्ट भिजवणारं ऊन आणि पहाटे बाटलीत बर्फ. ऊब यावी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपणं किंवा तंबूत शेगडी पेटवणं जिवावर बेततं; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ही फुकटची सोय आता आकसते आहे, आणि ती आकसवणारे तिचे चाहतेच आहेत. मोआबच्या आसपास वीस-तीस वर्षांपूर्वी कुठेही थांबता यायचं. आज कोलोरॅडो नदीकाठी शुल्क घेणारी ठरलेली ठिकाणं आहेत आणि बऱ्याच भागात स्वतःचा फिरता संडास नसेल तर राहू देत नाहीत. सॅन राफेलमध्येही द वेज नावाच्या कड्यावर क्रमांक घातलेल्या जागांवरच थांबावं लागतं. त्यात गैर काही नाही. तिथून जवळच बकहॉर्नच्या खडकावर हजारो वर्षांपूर्वीची पंखवाल्या, लांबट माणसांची लाल चित्रं आहेत; त्यांच्यावर लोकांनी आपापली नावं कोरली होती आणि राज्याच्या शताब्दीच्या निमित्ताने १९९०च्या दशकात ती नावं खटपटीने पुसून काढावी लागली. नियम येतात ते अशा मंडळींमागून.

दुसरं टोक बघायचं तर ॲरिझोनातलं क्वार्टझसाइट. इंटरस्टेट १०च्या कडेला हिवाळ्यात मोटरहोमांचं शहर वसतं. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम, पाणी आणि कचऱ्याची सोय, आणि त्यासाठी बीएलएमने अनेक वर्षं ठेवलेलं शुल्क १८० डॉलर, म्हणजे सात महिन्यांचं भाडं. थोडं पुढे गेलं, की १४ दिवसांचे फुकटचे पट्टे आहेतच. तिथे हौशी प्रवासी असतात तसे निवृत्तिवेतनात घरभाडं न परवडणारेही असतात. जेसिका ब्रूडरचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक आणि क्लोई झाओचा त्यावरचा सिनेमा आल्यापासून ते जगाला कळलं. सुट्टीतली मौज आणि बेघरपणा एकाच चौदा दिवसांच्या नियमाखाली शेजारी-शेजारी झोपतात. रेंजरला दोघांना सारखंच उठवावं लागतं.

ज्यांनी १९२९मध्ये नको म्हटलं होतं त्यांना आता ती जमीन हवी आहे. युटा राज्याने २०२४मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन बीएलएमच्या ताब्यातल्या १ कोटी ८५ लाख एकरांवरचा केंद्राचा हक्क आव्हानला. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकायला नकार दिला. त्याच जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात पश्चिमेतल्या काही राज्यांमधली वीस लाखांहून अधिक एकर सार्वजनिक जमीन विकण्याचं कलम घातलं, घरं बांधायला जागा हवी असं कारण देऊन. विरोधात पर्यावरणवाले उतरले यात नवल नव्हतं. शिकारी, मासे पकडणारे आणि ली यांच्याच पक्षाचे आयडाहो-मोंटानातले लोकप्रतिनिधी उतरले आणि महिनाअखेरीला कलम मागे घ्यावं लागलं. मोंटानाचं नाव तर विक्रीच्या यादीत पहिल्यापासूनच नव्हतं. तिथल्या सिनेटरांचा विरोध आधीच ठाऊक होता आणि त्यांच्या मतांची गरज होती.